बॅटरीच्या नावावर फाडलेलं बिल

माझं काम ऐकून लिहायचं. मुलाखतींची, बैठकांची रेकॉर्डिंग्ज येतात, ती मी शब्दन् शब्द उतरवून देते. अधूनमधून व्हिडिओंना सबटायटल्स. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद.

लॅपटॉप चार वर्षांचा आहे. पंधरा इंची, जरा अंगानं थोराड. घेतला तेव्हा एका चार्जवर सात तास जायचा. हे सात तास पक्के लक्षात राहिलेत, कारण पहिल्याच आठवड्यात मी चार्जर घरी विसरून कामाला गेले होते आणि संध्याकाळपर्यंत तो बिचारा टिकला होता. खोक्यावर दहा तास लिहिलं होतं, पण खोक्यावरचे तास हे एका ठरावीक चाचणीतले असतात. बऱ्याचदा मंद प्रकाशात एखादा व्हिडिओ फिरवत ठेवून मोजलेले. त्यामुळे त्या दहाबद्दल माझी तक्रार नव्हती. सातबद्दल होती. कारण सातचे आता दोन तास चाळीस मिनिटं झाले होते.

भाच्याला दाखवला. त्यानं हातात घेतला, टक्केवारी बघितली आणि निकाल दिला, "मावशी, बॅटरी मेलीय तुझी. नवीन टाक आणि विषय संपव."

मलाही ते पटलं. चार वर्षं झाली, बॅटरी म्हातारी होणारच. नवीन मागवायची तर तिचा मॉडेल नंबर हवा. तो बॅटरी न काढता मिळतो, असं कळलं: विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' अशी आज्ञा (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) दिली की एक अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडायचा. वरच बॅटरीचं नाव होतं. ते उतरवून घेतलं आणि तिथंच थांबले असते तर हा लेख झाला नसता. पण नावाच्या खाली दोन आकडे होते.

डिझाइन कपॅसिटी: 56,000 मिलिवॅट-तास. फुल चार्ज कपॅसिटी: 46,500.

पहिला आकडा म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं, दुसरा म्हणजे आज किती मावतं. 46.5 भागिले 56 म्हणजे 83 टक्के. मी दोनदा गुणून बघितलं. बॅटरी 17 टक्के झिजली होती आणि माझा वेळ मात्र 60 टक्क्यांहून जास्त गेला होता. हे कुठल्याच हिशेबात बसेना.

वॅट-तास हे एकक एकदा अंगवळणी पडलं की पुढचं सगळं सोपं आहे. बॅटरीला टाकी समजा. वॅट-तास म्हणजे टाकीत किती आहे, वॅट म्हणजे नळ किती सुटलाय. (विमानात साधारण 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी खास परवानगीशिवाय नेता येते, म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्याही 99 वर येऊन थांबतात. बॅटरीवर फक्त व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास छापले असतील तर त्यांचा गुणाकार करून हजारानं भागायचं. माझ्या बॅटरीचे 11.4 व्होल्ट आणि सुमारे 4,910 मिलिअँपिअर-तास होते, झाले 56.)

माझा लॅपटॉप 5 टक्क्यांवर आपोआप बंद होतो, म्हणजे वापरायला मिळतात 95 टक्के. नवा असताना 53.2 वॅट-तास सात तासांत संपायचे: सरासरी 7.6 वॅट. आज 44.2 वॅट-तास दोन तास चाळीस मिनिटांत संपतात: 16.6 वॅट. भूक दुपटीहून जास्त वाढली होती. आणि भूक 7.6 वरच राहिली असती तर याच म्हाताऱ्या बॅटरीवर पावणेसहा तास निघायला हवे होते. नवीन बॅटरी टाकून मला फार तर अर्धा-पाऊण तास जास्त मिळाला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "असू दे ना, पण नवीन टाक तरी." तरुण माणसं.

मग एक वही घेतली.

एक कबुली आधीच देते. पहिल्या रविवारी मी अगदी चुकीच्या पद्धतीनं सुरुवात केली. जिथं तिथं वाचलेले उपाय एका दमात केले: डार्क मोड, ब्लूटूथ बंद, बॅटरी सेव्हर चालू, पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम यादीतून एकेक करून बंद, प्रोसेसरचा वेग खाली. संध्याकाळी वेळ थोडा वाढलेला, पण टाइप केलेलं अक्षर दिसायला क्षणभर उशीर, आणि यातल्या कशानं काय झालं याचा पत्ता नाही. सगळं पुन्हा होतं तसं केलं. त्यानंतरचा नियम असा: एका वेळी एकच बदल. चार्जर काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग तीच पाच मिनिटांची क्लिप फिरवत ठेवून, तीच फाइल उघडी ठेवून, दर अर्ध्या मिनिटाला वॅटचा आकडा लिहायचा आणि वीस आकड्यांची सरासरी काढायची. सरासरी लागतेच, कारण हा आकडा स्थिर नसतो. 11 वरून 19, पुन्हा 13.

हा आकडा दाखवणारं साधन निवडताना पहिली गंमत झाली. मी आधी एक भलंमोठं सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. तापमानं, पंख्यांचे फेरे, व्होल्टेज, सगळं दर सेकंदाला. ते चालू असताना खप आणखी दीड वॅटनं जास्त! कारण नंतर उलगडलं. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत: एक प्रोसेसरच्या पोटातच, ती कमी खाते, दुसरी वेगळी, ताकदवान आणि खादाड, जी काम नसेल तेव्हा पूर्ण झोपणं अपेक्षित असतं. हे सॉफ्टवेअर दर सेकंदाला तिला उठवून विचारत होतं, ताप आहे का गं? कुंपणच शेत खात होतं. ते काढून टाकलं आणि फक्त बॅटरीचेच आकडे दाखवणारं छोटं बॅटरीइन्फोव्ह्यू घेतलं. लिनक्सवाल्यांसाठी पॉवरटॉप आहे, मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला एनर्जीचा भाग बघता येतो. पण मूळ हिशेब तोच.

दुसरी गंमत टक्क्यांची. एकदा लॅपटॉप 24 टक्के दाखवत असताना धाडकन बंद पडला. बॅटरीत किती उरलंय हे थेट मोजता येत नाही. आत एक चिप असते, ती आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा जमाखर्च ठेवते. माझा लॅपटॉप महिनोन् महिने चार्जरलाच लावलेला, त्यामुळे तिला रिकामं टोक कधी दिसलेलंच नाही. जमाखर्च चुकत गेला. पूर्ण भरून, बंद पडेपर्यंत उतरवून, पुन्हा न थांबता पूर्ण भरला की ती ताळ्यावर येते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. वर दिलेला 46.5 हा त्यानंतरचा आकडा. आधी अहवालात 48.9 होते. म्हणजे कॅलिब्रेशन करून मी कागदावर अडीच वॅट-तास गमावले. बॅटरी सुधारत नाही यानं, फक्त खरं बोलायला लागते. दर महिन्याला बॅटरी पूर्ण उतरवा हा जो सल्ला अजून फिरतो, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियम-आयन 1991 साली बाजारात आली. तिला वारंवार पूर्ण उतरवलं तर फायदा नाही, उलट झीजच.

आता खरे खर्च.

पहिला सोपा होता. प्रकाश. माझं टेबल खिडकीकडे तोंड करून, त्यामुळे पडदा कायम 100 टक्के उजळ. टेबल काटकोनात फिरवलं, प्रकाश 55 वर आणला, 16.6 चे 14.3 झाले. इतक्या कमी कष्टात एवढी बचत पुढे कशातच मिळाली नाही. जाता जाता: डार्क मोडनं माझ्याकडे काडीचाही फरक पडला नाही. माझा पडदा एलसीडी; त्याच्या मागचा दिवा अक्षरं काळी असोत की पांढरी, जळतोच. ओएलईडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. आणि बॅटरी सेव्हरनं जे कमी झालं त्यातला मोठा भाग त्यानं परस्पर प्रकाश कमी केल्याचा होता.

दुसरा खर्च शोधायला चार संध्याकाळी गेल्या. सेन्सरवालं सॉफ्टवेअर काढूनही, काहीच उघडं नसतानाही कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हात ठेवला की ऊब लागायची. 'ए' आणि 'क्यू'च्या मधोमध. तिथंच खाली ती खादाड चिप बसलेली. कोण किती काम करतंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तिचं काम 0 ते 1 टक्का. म्हणजे करत काही नाही, पण जागी. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण असते, ती चालू केली की ही चिप कोण वापरतंय ते खाली कोपऱ्यात दिसतं. मी टिचकी मारली आणि यादी उघडली: ब्राउझर, माझा लिहायचा प्रोग्रॅम आणि नोंदी ठेवायचा एक किरकोळ प्रोग्रॅम. कोपऱ्यात पडून राहणारा, पिवळ्या चिठ्ठ्या दाखवणारा. पिवळ्या चिठ्ठीला कसली आलीय ताकदवान चिप?

त्याच कंट्रोल पॅनेलमध्ये सगळ्या प्रोग्रॅमांसाठीचं सेटिंग बघितलं. 'हाय परफॉर्मन्स'. आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओचं संपादन करून द्यायचं होतं, चित्र अडकत होतं, तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून मीच ते बदललं होतं. व्हिडिओ गेला, सेटिंग राहिलं. तेव्हापासून या लॅपटॉपवर मी जे जे उघडलं ते त्या चिपच्या डोक्यावर. 'ऑटो' केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. 10.7. एका टिचकीत 3.6 वॅट. कोपरा गार.

इथून माझ्या मनात एक शंका शिरली आणि ती खरी निघाली.

ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन नावाचा एक पर्याय असतो. व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळा, काटकसरी भाग असतो. हा पर्याय चालू असला की काम त्याच्याकडे जातं, बंद असला की तेच काम मुख्य प्रोसेसर घाम गाळत करतो. माझा बंद होता. कुणी केला? मीच. कधीतरी पान सरकवताना पडदा लुकलुकायचा, तेव्हाचा तोडगा. त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, कितीदा बदललं असेल. चालू केला. लुकलुक नाही. 8.6.

वॅट राहू देत बाजूला, यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंखा थांबला. पूर्ण. खोलीत एकदम असं काहीतरी झालं की मी हेडफोन काढून इकडेतिकडे बघितलं. मुलाखतीत लोक वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतात आणि क्रियापद गिळतात. 'होतं' की 'नव्हतं' हे ऐकायला मी तीच दोन सेकंदं पाच-पाचदा मागे घ्यायचे. पंखा गेल्यावर आवाज दोन घरं खाली आणला तरी ऐकू यायला लागलं. मला वाटत होतं, वयामुळे कान जड झालेत.

मग 'पॉवरसीएफजी /एनर्जी'. ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून द्यायची. एक मिनिट लॅपटॉपकडे बघत बसते आणि अहवाल देते. लाल म्हणजे चूक, पिवळं म्हणजे इशारा. लाल बघून घाबरायचं नाही, त्यातलं निम्मं निरुपद्रवी असतं. पण पहिलंच लाल वाक्य असं होतं की यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद आहे. म्हणजे वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवायची सोयच बंद. आता कुणी केलं हे विचारू नका. पेडलचा लॅपटॉपशी संपर्क मध्येच तुटायचा ना. त्यावरचा उपाय. चार्जरवर असताना करायचा सोडून दोन्हीकडे केला होता. सोय चालू केली, तर मिनिटाभरानं पेडल पुन्हा मेलं. म्हणजे तोडगा अगदीच खोटा नव्हता. शेवटी तह असा झाला: बॅटरीवर असताना पेडल काढून ठेवायचं आणि कीबोर्डवरच्या कळांनी थांबवायचं-चालवायचं. 8.1. अर्ध्या वॅटसाठी एवढं कोण करतं? मी करते. पण लांबच्या मुलाखतीला पेडलच लावते.

रात्रीचं एक वेगळंच चाललं होतं, ते यात धरलेलं नाही. झाकण लावून झोपायचं, 100 टक्के, सकाळी 81. साडेआठ तासांत 19 टक्के, म्हणजे साधारण एक वॅट, झोपेत. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांची झोप ही फोनसारखी असते. मॉडर्न स्टँडबाय म्हणतात तिला. पडदा काळा, पण आत जाग, अधूनमधून नेटवर्कशी बोलणं. 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' दिली की गेल्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेत किती गळालं आणि कुणी जागं ठेवलं ते दिसतं. माझ्याकडे वायफाय सगळ्यात वर होतं. सोपा उपाय म्हणजे रात्री हायबरनेट करणं: सगळं डिस्कवर लिहून ठेवून यंत्र खरोखर बंद. तर मेनूत हायबरनेट नाहीच! पुन्हा आठवण. डिस्क भरत आली होती, सहाएक जीबी जागा मिळते म्हणून आज्ञा देऊन मी तो उडवला होता. ती जागा मिळवून तिथं काय ठेवलं ते आता आठवतही नाही. परत आणला, झाकण लावलं की हायबरनेट असं ठरवलं. सकाळी उठायला वीसेक सेकंद घेतो. 100 चे 100 असतात, फार तर 99.

जिथं काही मिळालं नाही त्या गोष्टीही वहीत आहेत: ब्लूटूथ, फरक मोजता येण्याइतका नाही. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारणं, शून्य. मारलेले परत उठतात आणि उठताना जास्त खातात. प्रोसेसरचा वेग बांधून टाकणं, 0.3 वॅट आणि दिवसभर चिडचिड, सोडून दिलं.

44.2 भागिले 8.1. पाच तास सत्तावीस मिनिटं. कागदावर. प्रत्यक्षात परवा पाच तास दहा मिनिटं चालला, मध्ये एक अपडेट उतरत होता.

बॅटरीचं म्हातारपण मात्र खरं आहे, आणि तेही माझंच देणं. लिथियम-आयनला दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊब आणि काठोकाठ भरून राहणं. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज 4.2 च्या आसपास असतं, आणि त्या ताणात, त्यातून गरम अवस्थेत ती जितकी पडून राहील तितकं आतलं कामाचं लिथियम हळूहळू अडकत जातं. माझी तर वर्षानुवर्षं तशीच होती: 100 टक्के, चार्जर लावलेला, शेजारी ती जागी चिप ऊब देतेय. आता लॅपटॉपबरोबर आलेल्या ॲपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा घातलीय. बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळी 100.

नवीन बॅटरी घेईन, पूर्ण चार्जचा आकडा 35 च्या खाली गेला की. किंवा टचपॅड वर उचललेलं दिसलं, तळ टेबलावर डुगडुगायला लागला, तर त्याच दिवशी. फुगलेल्या बॅटरीचे आकडे मोजत बसायचे नसतात, चार्जर काढायचा आणि यंत्र बंद करायचं.

भाचा मागच्या शनिवारी आला तेव्हा त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता, दोन वर्षांचा. "मावशी, माझा पण तीन तासच जातोय." मी वही काढली. काहीच उघडं नसताना 14.8 वॅट. "तू यात काय काय बदललं होतंस?" विचारलं. "काही नाही गं," म्हणाला, आणि मग थोड्या वेळानं, "हां, एकदा एक गेम अडकत होता तेव्हा..."